बेनेगलांच्या यादीत ‘त्रिकाल’ वरच हवा

श्याम बेनेगलांचे उत्तम चित्रपट कोणते, असा विषय निघाला की ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पुढे कुणी ‘मंडी’ म्हणतं, कुणी ‘जुनून’. ‘त्रिकाल’ आठवतो तो सगळ्यात शेवटी, तोही ‘गोव्यावरचा तो सिनेमा’ म्हणून. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. मला हे अजिबात पटत नाही.

चित्रपट १९८५ चा, गोष्ट १९६१ ची. पोर्तुगीज जायच्या बेतात आहेत आणि एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात मयत झालंय. सासष्टी तालुक्यातल्या लोटलीला, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात याचं चित्रीकरण झालं. छायालेखक अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात त्या खोल्या अशा टिपल्यात की भिंतींचा ओलसर वास येतो. गेलेल्या नवऱ्याशी बोलता यावं म्हणून डोना मारिया घरातल्या मिलाग्रेनियाला माध्यम करून बसवते. लीला नायडूंचा तो ताठ, थकलेला चेहरा बघत राहावा. नवरा येतच नाही. येतो बंडखोर कुष्टोबा राणे! ज्याच्या अंताला या घराचे पूर्वज कारणीभूत होते, तो.

सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगीजांविरुद्ध केलेली बंडं आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. सासष्टीतल्या त्या श्रीमंत दिवाणखान्यात सत्तरीचा माणूस हिशेब मागायला उभा राहतो, हे पाहून अंगावर काटा आला होता. गोवा म्हणजे किनारा आणि नाचगाणी, एवढंच दाखवणाऱ्या ढीगभर हिंदी चित्रपटांत हे धाडस कुणी केलं? पात्रं हिंदी बोलतात हे खटकतं, मान्य. त्या घरात पोर्तुगीज आणि कोकणीच चालली असती. पण गायक रेमो फर्नांडिसचा आवाज कोकणीत सुरू झाला की घर पुन्हा आपलं वाटायला लागतं. या चित्रपटासाठी बेनेगलांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हेही लोक विसरतात.

आणि याच माणसाने दोनच वर्षं आधी ‘मंडी’ केला होता. कुंटणखान्यातला तो कलकलाट कुठे आणि हे सुतकातलं घर कुठे! त्याआधी ‘कलयुग’मध्ये उद्योगपतींच्या घरात महाभारत. ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला, विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा. आईची भाषा कोकणी, वाढ हैदराबादची, उमेदीची वर्षं मुंबईत जाहिरातपट करण्यात गेलेली. कुठल्याही मुलखात गेले तरी त्यांची नजर घर कुणाचं आणि त्यात राबतं कोण, इकडेच जाते. म्हणून इतके वेगवेगळे चित्रपट करूनही ते कुठे उपरे वाटत नाहीत.

‘भूमिका’त बघा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेला हा चित्रपट. अमरीश पुरींच्या वाड्यावर स्मिताला कशाची ददात नाही. मालकीणच म्हणा ना. एक दिवस ती मुलाला घेऊन जत्रेला जायचं म्हणते, तर परवानगी नाही. बस्स, एवढंच. एका जत्रेवरून तिला आणि आपल्याला कळतं की हा तुरुंग आहे. स्मिताचा चेहरा तेव्हा कसा बदलतो, ते सांगून कळणार नाही, पाहायलाच हवं. ‘अंकुर’च्या शेवटी तो पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो, त्या दगडामागेही हेच आहे.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. नेताजींवरचा चित्रपट मला लांबलेला वाटतो. ‘सूरज का सातवाँ घोडा’ मात्र कितीही वेळा बघेन.

माझं एक मागणं आहे. १९ डिसेंबरला आपण गोवा मुक्तिदिन साजरा करतो, २३ डिसेंबरला (२०२४) बेनेगल गेले. दर वर्षी या चार-पाच दिवसांत ‘त्रिकाल’ गोव्यात मोठ्या पडद्यावर दाखवावा. फक्त पणजीत नको, लोटलीत आणि आमच्या सत्तरीतल्या वाळपईतही. आणि संपल्यावर लोकांना बोलू द्यावं. सासष्टीतली माणसं आणि सत्तरीतली माणसं एकत्र बसून त्या कुष्टोबाबद्दल काय बोलतात, हे मला ऐकायचंय. कुणी पुढाकार घेत असेल तर खुर्च्या लावायला मी येतो.