दीडशे मिलीची वाटी

गेल्या जूनमध्ये बाबा सांगलीहून आमच्याकडे ब्रिस्टलला आले, ते बारा वर्षांचा मधुमेह आणि ग्लुकोमीटर सोबत घेऊनच. आमरसाची वाटी अर्धी ठेवून उठणारा, लग्नात जिलेबीच्या ताटाला लांबूनच हात जोडणारा माणूस. चौथ्या दिवशी दुपारी त्यांची साखर २६० निघाली. जेवण नेहमीचंच, पोळी-भाजी-वरण. मग फ्रिजमधला आंबा-पॅशनफ्रूट स्मूदीचा पाऊण लिटरचा खोका हाती लागला, निम्म्याहून जास्त रिकामा.

"अगं, त्याच्यावर लिहिलंय की, नो ॲडेड शुगर," बाबा म्हणाले. "आणि तुमच्याकडे खोटं लिहीत नाहीत."

खोटं नव्हतंच. खोका घेऊन मी ओट्याशी उभी राहिले. घटकांच्या यादीत पहिलं नाव सफरचंदाच्या रसाचं, मग केळ्याचा गर, आणि ज्याच्या चित्रावर बाबा भाळले तो आंबा तिसरा. १०० मिलीला साखर ११ ग्रॅम. दर्शनी बाजूला रंगीत चौकोन (कमी तर हिरवा, मध्यम तर पिवळा, जास्त तर लाल), त्यात साखरेचा पिवळा. इथल्या सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे पेयाला लाल रंग लागतो तो १०० मिलीला ११.२५ ग्रॅमच्या पुढे. एका वेळच्या मापासाठी वेगळा निकष आहे, १३.५ ग्रॅमच्या वर लाल. पण माप १५० मिलीपेक्षा मोठं असेल तरच तो लागू. खोक्यावर एका वेळचं माप किती छापलं होतं? बरोब्बर १५० मिली. बाबांचा मग ३०० मिलीचा. म्हणजे एका मगात ३३ ग्रॅम साखर, रंग मात्र पिवळाच.

तिकडे पुण्यात माझी बहीण याच रंगीत चौकोनांसाठी आसुसली आहे. तिच्या मुलाच्या शाळेत सीबीएसईच्या २०२५ च्या आदेशानंतर 'शुगर बोर्ड' लागला, कोणत्या पेयात किती साखर ते सांगणारा. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढायला सांगितलं होतं, आणि जूनमध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसांच्या पाकिटांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. आता पाकिटाच्या दर्शनी भागावर ठळक इशारा हवा की नको, यावर वाद चालू आहे. घरच्या ग्रुपवर बहिणीचं पालुपद ठरलेलं: "तुमच्याकडे बघ, सगळं कसं स्वच्छ लिहिलेलं असतं!"

लिहिलेलं असतं, हे खरं. आणि ठळक इशाऱ्याच्या बाजूने मीही आहेच; बोर्नव्हिटाला हेल्थ ड्रिंक म्हणणाऱ्यांची कीव करायचं मला काही कारण नाही. पण इथे चौदा वर्षं राहून मला जे दिसतं ते बहिणीला फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहिते. साखरेवर नजर ठेवणाऱ्या या देशात फळाचं नाव घेतलं की पहारेकरी बाजूला होतात.

ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये गोड पेयांवर कर बसवला. साखर घातलेल्या पेयात १०० मिलीला ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असली की कर, ८ किंवा जास्त असली की आणखी कर. कंपन्यांनी पटापट पाककृती बदलल्या. करातून वगळलं कोणाला? वरून साखर न घातलेल्या फळांच्या रसांना. साध्या कोकमध्ये १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर, तिच्यावर कर. शेजारच्या स्मूदीत ११ ग्रॅम, ती करमुक्त. याच देशाच्या आरोग्य खात्याचा सल्ला मात्र स्पष्ट आहे: स्मूदीतली साखर मधासारखी, रसासारखी 'मोकळी साखर' (फ्री शुगर), म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखीच धरा, मोठ्या माणसाने अशी साखर दिवसाला ३० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि रस-स्मूदी मिळून दिवसाला १५० मिली, त्यापुढे कितीही प्यायलात तरी रोज खायच्या फळं-भाज्यांच्या पाच वाट्यांतली ती एकच वाटी. करखातं एक म्हणतं, आरोग्यखातं दुसरं. ग्राहक रंग बघतो आणि पुढे जातो.

पुढे कुठे, तर दुपारच्या मील डीलकडे. सँडविच, वेफर्स आणि एक पेय, ठरलेल्या किमतीत. पाण्याची बाटली घेतली तरी तेवढेच पैसे, महागडी स्मूदी घेतली तरी तेवढेच. आमच्या ऑफिसातले गोरे लोक या बाबतीत पक्के कोकणस्थ आहेत: स्मूदीच उचलतात, पैसे वसूल.

गंमत म्हणजे फळ खाणं आणि फळ पिणं सारखंच का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच ब्रिस्टलमध्ये, मी जन्मायच्या आधी मिळालं होतं. १९७७ साली इथल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक साधा प्रयोग छापला. दहा निरोगी माणसांना तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, गर करून आणि नुसता रस. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला, गरापेक्षा चौपट. पोट भरल्याचं समाधान अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, रसाने सर्वांत कमी. दुकानातली स्मूदी या तिघांत कुठे बसते? गर आणि रस यांच्या मध्ये कुठेतरी, कारण तिचा पाया बहुतेक वेळा सफरचंदाचा किंवा संत्र्याचा गाळलेला रसच असतो. हे मी बाबांना समजावत होते तर ते म्हणाले, "म्हणजे चिपाड फेकलेलं."

अगदी तेच. आमच्या सांगलीत रसवंतीगृहात बसलं की चरकाचे घुंगरू वाजत असतात, कांडं दुमडून आलं-लिंबू घालून पुन्हा चरकात जातं, आणि शेजारी चिपाडांचा ढीग चढत असतो. काय गाळलं गेलं ते डोळ्यांसमोर पडलेलं असतं. उसाचा रस पिऊन तब्येत सुधारते असं तिथे कोणी म्हणत नाही; उन्हात जिवाला बरं वाटतं, म्हणून 'हाफ' सांगतात. आमरसाचंही तेच. तो वर्षातले दीड-दोन महिने, तूप-सुंठ घालून, सणासारखा, आणि नंतर दुपारची झोप. त्याला नाश्त्याचा आरोग्यदायी पर्याय म्हणण्याची हिंमत आपल्या आज्यांनी केली नाही.

स्मूदीवर सरसकट काट मारायलाही मी तयार नाही. प्लिमथ विद्यापीठातल्या छोट्या अभ्यासांत असं दिसलं की रास्पबेरीसारखी बियांची फळं बियांसकट वाटली तर रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढत नाही. म्हणजे मिक्सरला दोष नाही. घरी दही, मूठभर बेरी, थोडे ओट्स फिरवून खुशाल प्यावं. पुण्यात जिमच्या बाहेर तीन-तीनशे रुपयांना विकतात ते मात्र बनवताना समोर उभं राहून बघावं. खजूर, मध आणि रसाची बाटली कधी उघडली जाते ते कळतं.

बाबा परत गेले. खोका मात्र आमच्या फ्रिजमधून गेलेला नाही, हे कबूल करते. मुलगी सकाळी फळाला तोंड लावत नाही, बस सव्वाआठची, आणि माझ्यात रोज भांडायची ताकद नाही. एवढंच केलं, की आईने लग्नात दिलेली स्टीलची वाटी मोजून पाहिली. काठोकाठ दीडशे मिली. आता स्मूदी त्या वाटीतूनच मिळते. काल तिने वाटी चाटूनपुसून पुढे केली आणि म्हणाली, "आई, आमरसाला दुसरी वाटी देतेस ना?"