ग्वांगझूचा क्लब एव्हरग्रँडने जन्माला घातला नव्हता, आणि तो एका रात्रीत मेलाही नाही

फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: चीनमधल्या एका बिल्डरने दुसऱ्या डिव्हिजनमधला, कुणालाही ठाऊक नसलेला क्लब घेतला, परदेशी खेळाडू आणून त्याला आशियाचा विजेता केलं, असं यश मिळवणारा तो पहिला चिनी क्लब ठरला, मग कंपनी बुडाली आणि क्लब एका रात्रीत गायब झाला. सोबत कमळाच्या आकाराच्या स्टेडियमचा फोटो असतो, ‘आज हे ओस पडलंय’ अशा ओळीसकट. शेवटी तात्पर्य: पैशाने फुटबॉल विकत घेता येत नाही.

क्लब म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहराचा ग्वांगझू एव्हरग्रँड; एव्हरग्रँड हे त्या बिल्डर कंपनीचं नाव. कंपनी कर्जात बुडाली हे खरं. बाकीचं तपासून घ्यायला हवं.

आधी तो फोटो. तो फोटोच नाही, वास्तुविशारदाचं संगणकावरचं चित्र आहे. एक लाख आसनांच्या या स्टेडियमचं भूमिपूजन एप्रिल २०२० मध्ये झालं. पण एव्हरग्रँडचं कर्जाचं संकट आलं आणि २०२२ मध्ये कंपनीने ती जमीन सुमारे ५५२ कोटी युआनच्या मोबदल्यात सरकारला परत केली. त्या कमळात क्लब एकही सामना खेळला नाही. सगळी मोठी विजेतेपदं मिळाली तेव्हा त्याचं घरचं मैदान तिआनहे स्टेडियम होतं, आणि ते १९८७ पासून उभं आहे.

‘कुणालाही ठाऊक नसलेला क्लब’ हे तर फारच चुकीचं. ग्वांगझूचा संघ १९५४ चा. १९८४ मध्ये बाययुनशान या औषध कंपनीने त्याला पैसा पुरवायला सुरुवात केली. चीनमध्ये कारखान्याच्या पैशावर फुटबॉल संघ चालवण्याची ही पहिली ठळक घटना मानतात. १९९३ मध्ये अपोलो ही आरोग्य-उत्पादनांची कंपनी आली आणि संघाचा व्यावसायिक क्लब झाला. चीनची व्यावसायिक लीग १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच हंगामात ग्वांगझू दुसरा आला, दालियान वांडाच्या मागे. त्यानंतर घसरण झाली आणि १९९८ मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. मालक येत-जात राहिले, प्रत्येकाने आपलं नाव क्लबच्या पाटीवर लावलं. २००१ मध्ये मोटारी बनवणारी जीली आली आणि त्याच वर्षी खेळातल्या भ्रष्टाचाराच्या नावाने बोटं मोडत निघून गेली. २००६ मध्ये पुन्हा एक औषध कंपनी आली. म्हणजे मालकाच्या खिशावर जगायची सवय या क्लबला एव्हरग्रँडच्या पंचवीस वर्षं आधीपासून होती. फिरणाऱ्या मजकुरातून नेमकी हीच गोष्ट गळते.

मग २०१० मध्ये तो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये का होता? कमकुवत होता म्हणून नाही. २००७ मध्ये खालची लीग जिंकून तो सुपर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या डिव्हिजनमध्ये, आला होता आणि दोन हंगाम तिथे टिकलाही होता. फेब्रुवारी २०१० मध्ये चिनी फुटबॉल संघटनेने २००६ मधल्या सामनानिश्चितीबद्दल (मॅच-फिक्सिंगबद्दल) त्याला शिक्षा म्हणून खाली ढकललं. त्याच वेळी चेंगदू ब्लेड्सलाही, ज्याची मालकी इंग्लंडच्या शेफील्ड युनायटेडकडे होती. पुढच्याच महिन्यात एव्हरग्रँडने १० कोटी युआनला क्लब घेतला. मोठं शहर, जुना चाहतावर्ग आणि बदनामीमुळे पडलेला भाव. बिल्डरची नजर होती ती.

परदेशी खेळाडूंचा मुद्दा निम्मा खरा. २०१३ ची आशियाई चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, मुरीकी, एल्केसन आणि कोन्का यांच्याशिवाय जिंकता आली नसती. मुरीकीने स्पर्धेत १३ गोल केले. पण नियमानुसार मैदानात कुठल्याही देशाचे तीन परदेशी आणि आशियातल्याच दुसऱ्या देशाचा एक एवढेच चालत. उरलेले सात चिनीच असणार. दक्षिण कोरियाच्या एफसी सोल क्लबविरुद्धच्या अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात एक गोल गाओ लिनचा होता. कर्णधार झेंग झी त्या वर्षीचा आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेही विकतचेच, असं कुणी म्हणेल, आणि बरोबरच आहे: झेंग झी स्कॉटलंडच्या सेल्टिकमधून आला, गाओ लिन शांघाय शेनहुआमधून. देशातले चांगले खेळाडू एका छताखाली गोळा केल्याचा आरोप करा, तो टिकेल. ‘परदेशी लोकांनी जिंकून दिलं’ हा टिकत नाही.

‘पहिला चिनी क्लब’ हा मान लियाओनिंगचा. आशियाई क्लब विजेतेपद त्यांनी १९९० मध्येच, जपानच्या निस्सान क्लबला हरवून मिळवलं. तो क्लब २०२० मध्ये, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना, खेळाडूंचे पगार थकवून बंद पडला. त्याचा मजकूर कुणी फिरवत नाही, कारण त्यात अब्जाधीश नाही.

आता ‘एका रात्रीत’. एव्हरग्रँडचं संकट २०२१ मध्ये उघड झालं. २०२२ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगला क्लबने तरुण पोरांचा संघ पाठवला: सहा सामने, सहा पराभव, एकही गोल नाही, २४ गोल खाल्ले. त्याच वर्षअखेर सुपर लीगमधून खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण झाली. पण नंतरची दोन वर्षं क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतच होता, आणि २०२४ मध्ये तर तिसरा आला. संघ पुन्हा उभा राहत होता. जानेवारी २०२५ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये खेळण्याचा परवाना नाकारला गेला तो जुन्या देण्यांमुळे. परवाना मिळालेल्यांच्या त्याच यादीतून त्सांगझू आणि हुनान शियांगताओ हे क्लबही बाहेर पडले, आणि त्यांच्या डोक्यावर एव्हरग्रँड नव्हती.

तात्पर्याबद्दल मला सगळ्यात जास्त आक्षेप आहे. पैशाने फुटबॉल विकत घेता आलं की! आठ लीग विजेतेपदं, २०१३ आणि २०१५ ची आशियाई चॅम्पियन्स लीग, विश्वचषक जिंकून देणारे लिप्पी आणि स्कोलारी प्रशिक्षक, सरासरी चाळीस हजारांवर प्रेक्षक. पैसा कधी चुकलाही: जॅक्सन मार्टिनेझ या खेळाडूवर ४.२ कोटी युरो घातले आणि तो दुखापतींतच अडकला. पण पॉलिन्योला १.४ कोटी युरोला घेऊन बार्सिलोनाला ४ कोटींना विकलं. खरी अडचण ताळेबंदात होती. आशिया जिंकलेल्या २०१५ मध्येसुद्धा क्लबला सुमारे ९५ कोटी युआनचा तोटा झाला. अलीबाबा या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने आदल्या वर्षी क्लबचा निम्मा हिस्सा १२० कोटी युआनना घेतला होता, त्यातला बराचसा असाच जिरला म्हणायचा. भरलेलं स्टेडियम, करंडक, जाहिराती हे सगळं मिळूनही खर्चाला पुरत नव्हतं, आणि दरवर्षीचा खड्डा मालकाने भरायचा हे ठरलेलं. मालक थांबला की देणी उरतात.

आणि ग्वांगझूत व्यावसायिक फुटबॉल उरलेलं नाही, असंही काही ठिकाणी जोडलेलं असतं. २०२१ मध्ये स्थापन झालेला जीझी-पॉवर हा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधून वर येऊन २०२५ पासून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळू लागला. त्याच डिव्हिजनमध्ये, जिथून आदल्या मोसमात तिसरा आलेला जुना क्लब बाहेर पडला.