'महिना झाला की खोली सोडायला लावतात' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की अंबड एमआयडीसीतल्या कामासाठी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या लॉजवर राहिलात, पैसे वेळेवर दिलेत, तरी तिसाव्या दिवशी 'सरकारी नियम आहे' म्हणून खोली सोडायला लावली. इंडक्शन काढून घेतला, जीएसटी लावला, बँकेसाठी पत्त्याचा दाखला दिला नाही. आणि हे सगळं सिंहस्थात भाव वाढवण्यासाठी.

'सरकारी नियम' ही आमच्या मुलाने काउंटरवर मारलेली थाप. तीस दिवसांची मर्यादा आमची आहे आणि ती खोली देतानाच सांगायला हवी होती. चुकलं. आता रजिस्टरशेजारी पाटी लावली आहे.

मर्यादा घातली ती अनुभवातून. पूर्वी एक गृहस्थ पाच महिने राहिले, शेवटचे दोन महिने एक रुपया दिला नाही, वर 'मी भाडेकरू आहे, कोर्टात या'. वकिलांनी सांगितलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये 'जागे'च्या व्याख्येतूनच हॉटेल-लॉजची खोली वगळली आहे. म्हणजे ते भाडेकरू नव्हतेच. पण सर, हे तुमच्याही विरुद्ध जातं: लॉजवर वर्षभर राहिलात तरी भाडेकरूचं संरक्षण नाही. बाहेर घर घेऊन लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीचा) करार केलात तर त्याची नोंदणी होते आणि तो कागद बँकेत दाखवता येतो. आम्ही राहत्या पत्त्याचा दाखला देत नाही, यापुढेही देणार नाही.

जीएसटीचं असं आहे की सलग किमान ९० दिवस राहिलं आणि महिन्याला माणशी २०,००० रुपयांपर्यंत आकार असला तर १५ जुलै २०२४ पासून तो माफ आहे. तुमचे दिवस तीस. आमच्या मर्यादेमुळे नव्वदपर्यंत कोणी पोचूच शकत नाही, हा तुमचा टोमणा मात्र बरोबर बसला.

सिंहस्थाचं म्हणाल तर पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्यासाठी आतापासून खोली रिकामी ठेवून आम्ही खायचं काय?

इंडक्शनवर तडजोड नाही. इमारत जुनी, वायरिंग जुनं, एका मजल्यावर आठ खोल्या. लॉज बांधला तो एक-दोन रात्रींच्या प्रवाशासाठी. इथे ना ओटा, ना कपडे वाळत घालायला गॅलरी. महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी महापालिकेने वेगळा परवाना आणि स्पष्ट अटी ठरवल्या तर मी पहिला अर्ज करीन, वायरिंगही बदलीन. तोवर पाथर्डी फाटा, अंबड लिंक रोडकडे महिन्याच्या बोलीवर खोल्या मिळतात, कंपनीलाही जवळ पडेल.

तुमचा इंडक्शन काउंटरमागे ठेवला आहे. सोबत कुकरही आहे, शिट्टी आतच आहे. सकाळी दहानंतर कधीही घेऊन जा.

– लॉजमालक