अंजीर नॉनव्हेज आहे म्हणे!

श्रावण तोंडावर आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदाही आला. सार सांगते: अंजीर हे फळ नसून मांसाहारी झाडाचा सापळा आहे, प्रत्येक अंजिरात एक माशी अडकून मरते, झाड तिला पचवून टाकतं, खाताना जे कुरकुरीत लागतं ती तिची अंडी आणि हाडं असतात, म्हणून शाकाहारी माणसांनी आणि उपवासाला अंजीर खाऊ नये, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि अर्ध्या कापलेल्या अंजिरात एक भलीमोठी पिवळी-काळी गांधीलमाशी चिकटवलेला फोटो.

मावशीने त्याच दिवशी घरातले अर्धा किलो सुके अंजीर वॉचमनला देऊन टाकले. म्हणजे त्याला पाप लागत नाही का, हे विचारायचं धाडस माझं झालं नाही. मी झूलॉजी केलेली, एमएस्सीला पावसाळाभर उंबरं कापून त्यातले किडे मोजत बसलेली, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की ही आता लेक्चर देणार. तर हो, देणार.

आणि खरं सांगायचं तर मेसेज शंभर टक्के खोटा असता तर मी हसून सोडून दिला असता. वैताग याचा आहे की यात थोडं खरं आहे, आणि ते थोडं खरं भलत्याच ठिकाणी नेऊन चिकटवलंय.

आधी हाडांचं उरकून टाकू. किड्याला हाडं नसतात. झालं.

आता "माशी". माशी म्हणजे दोन पंखांची, घरमाशी, फळमाशी, ती मंडळी. अंजिराशी ज्याचं नातं आहे तो किडा चार पंखांचा, मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्यांच्या गणातला, कुळाचं नाव अगाओनिडी. गांधीलमाशीचा लांबचा नातेवाईक म्हणा हवं तर, पण फोटोतल्या त्या राक्षसासारखा अजिबात नाही, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, रंग काळा, आणि माणसाला तो चावत नाही की डसत नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याला सायनिप्स सेनेस नाव दिलं, आता ब्लास्टोफागा सेनेस म्हणतात. त्यातलं सेनेस हे या किड्याचं जुनं ग्रीक नावच आहे, म्हणजे हा काही गुपित उघड झाल्याचा प्रकार नाहीये. थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की लोक रानटी अंजिराची फळं तोडून बागेतल्या झाडांना टांगतात आणि त्यातून किडे निघून बागेतल्या फळांत शिरतात. आणि आपल्याकडे तर या किड्यांना चक्क मराठी नाव आहे, केंबरं! उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची असं आजी म्हणायची ना, तीच ती. ज्या भाषेत या किड्यावरून म्हण आहे त्या भाषेत हा मेसेज "धक्कादायक सत्य" म्हणून फिरतो याचं मला फार हसू येतं.

मग मुख्य मुद्दा, प्रत्येक अंजिरात एक मेलेली माशी. इथे जरा थांबायला लागेल कारण गोष्ट खरंच भारी आहे.

अंजीर म्हणजे आत उलटवलेला फुलोरा. सूर्यफूल घ्या, त्याची कड वर उचलून पिशवीसारखी बांधा, फुलं सगळी आतल्या बाजूला राहतील आणि वर एक बारीकसं भोक उरेल, तसं. वड, पिंपळ, उंबर सगळ्यांचं असंच, म्हणून तर "उंबराचं फूल" म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. दिसत नाही कारण ते आत असतं, आणि एक नाही, शेकडो असतात. आता आत बंद असलेल्या फुलांपर्यंत परागकण पोचवणार कोण, तर केंबरं. अंजिराची झाडं दोन प्रकारची असतात, सोयीसाठी नर आणि मादी म्हणू. नर झाडाच्या फळात केंबराची मादी त्या भोकातून घुसते, भोक इतकं अरुंद असतं की घुसताना तिचे पंख तुटतात, आत जाऊन ती आखूड फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. प्रत्येक अळी एकेका फुलात वाढते. आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, माद्या अजून आपापल्या फुलात बंद असतानाच त्यांच्याशी मीलन करतात आणि त्यांचं आयुष्य तिथेच संपतं. मग माद्या बाहेर पडतात, जाताना परागकण अंगाला लागतात, आणि त्या दुसऱ्या अंजिराच्या शोधात निघतात. त्यातली एखादी चुकून मादी झाडाच्या फळात शिरली तर तिची पुरती फसवणूक होते, कारण तिथल्या फुलांची मान इतकी लांब असते की तिचं अंडी घालायचं टोक खालपर्यंत पोचतच नाही. ती बिचारी फिरून फिरून परागीभवन करते आणि अंडी न घालताच मरते. आपण खातो ते या मादी झाडाचं फळ. मेसेजवाल्याला हा एवढाच तुकडा कुठूनतरी मिळालेला आहे.

पण हे सगळ्या अंजिरांना लागू नाही ना! काही जातींना परागीभवन लागतं आणि काहींना लागतच नाही, फळ तसंच पिकतं, जसं आपलं केळं. आणि आपला पूना फिग, म्हणजे सासवडकडून, दिवे, गुऱ्होळी, सिंगापूर या गावांतून येणारा तो जांभळट अंजीर, ज्याला २०१६ साली पुरंदर अंजीर म्हणून जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तो या दुसऱ्या प्रकारातला. त्याला केंबरं लागत नाहीत, नर झाड लागत नाही. खट्टा बहार धरा नाहीतर मीठा बहार, पुरंदरच्या शेतकऱ्याला पाणी, छाटणी, तांबेरा, पाखरं आणि मार्केटचा भाव यांची काळजी असते, नर अंजिराची फळं आणून बागेत टांगायची काळजी त्याला नसते. त्यामुळे दिवे घाटाच्या वर रस्त्याकडेला जी करंडी विकत घेता त्यात "प्रत्येक अंजिरात माशी" हे सरळ सरळ खोटं आहे. अतिपिकलेल्या फळात मुंगी किंवा अळी निघू शकते, ती पेरूतही निघते, तेव्हा आपण पेरूला नॉनव्हेज म्हणत नाही, अळी काढून बाकीचा खातो.

सुक्या अंजिराचं उत्तर वेगळं आहे आणि ते मी लपवणार नाही. तुर्कस्तानातली सुकवायची प्रसिद्ध जात, इराणमधल्या एस्तहबानची जात, या परागीभवन लागणाऱ्या, स्मर्ना प्रकारच्या आहेत. तिथले शेतकरी आजही नर झाडाची फळं ओवून मादी झाडांना टांगतात, थिओफ्रास्टसच्या वेळेसारखंच. किडा नसेल तर काय होतं ते कॅलिफोर्नियात कळलं. १८८० च्या दशकात तिथे स्मर्ना अंजिराची झाडं हौसेने आणून लावली, झाडं छान वाढली, फळं धरायची आणि लहान असतानाच गळून पडायची, वर्षानुवर्षं हेच. शेवटी किडाच आणावा लागला आणि १८९९ मध्ये फ्रेस्नोला जॉर्ज रोडिंगच्या बागेत तो टिकला, तेव्हा कुठे पीक हाताला लागलं. तर अशा जातीच्या अंजिरात दोन मिलिमीटरचा एखादा किडा शिरून मेलेला असू शकतो. हे खरं.

आता गंमत बघा, या मेसेजला उत्तर म्हणून जो दुसरा मेसेज फिरतो ना, की घाबरू नका, अंजिरातलं फिसिन नावाचं एन्झाईम किडा पूर्ण विरघळवून टाकतं, काहीच उरत नाही, तोही मला पटत नाही. फिसिन असतं, खरंय, कच्च्या अंजिराचा चीक हाताला लागला की खाजतं त्यात त्याचाही वाटा असतो, पण ते तोडतं प्रोटीन. किड्याचं कवच बऱ्याच अंशी कायटिनचं, आणि कायटिन हे प्रोटीन नव्हे, ते तोडायला वेगळं एन्झाईम लागतं. म्हणजे "काहीच उरत नाही" हेही जरा घाईचंच विधान आहे. आपल्या बाजूचा मेसेज म्हणून सोडून द्यायचा नसतो.

यावरूनच पुढचा मुद्दा, "मांसाहारी झाड". प्रोटीन तोडणारा चीक आहे म्हणून झाड मांसाहारी, तर मग पपई पण मांसाहारी, तिच्या चिकात पपेन असतं आणि आपल्याकडे मटण शिजायला कच्ची पपई लावतातच की. मांसाहारी वनस्पती बघायच्या असतील तर सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा. दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती असते, पानावर चिकट थेंब, त्याला चिलटं चिकटतात आणि ती पचवते. आणि ज्या निळ्या-जांभळ्या गालिच्यासमोर सगळे सेल्फी काढतात ती सीतेची आसवं, ती पण कीटकभक्षी, जमिनीखाली बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. जांभ्याच्या सड्यावर मातीत नत्र कमी, म्हणून हा उद्योग. अंजीर असलं काही करत नाही, किडा पकडायला त्याच्याकडे ना चिकटा ना फुगा. उलट हिशोब लावला तर झाडच किड्याला खाऊ घालतं! नर झाडाच्या फळातली कितीतरी फुलं अळ्यांच्या पोटात जातात, त्या बदल्यात परागकण पोचतात. कोण कोणाला खातंय म्हणायचं मग? आणि हा सौदा सुमारे सात-आठ कोटी वर्षं चालू आहे असं मानतात, म्हणजे डायनोसॉर होते तेव्हापासून.

कुरकुरीत दाण्यांचं एका वाक्यात: ती अंडी नाहीत, आतल्या प्रत्येक फुलाचं एकेक चिमुकलं फळ असतं, त्याचं ते कडक कवच. पूना फिगमध्ये परागीभवनच नाही तरी दाणे कुरकुरतातच, तिथे किडा आला कुठून?

राहिला धर्माचा मुद्दा. यात मी पडणार नाही, कोणी काय खायचं तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक नोंदवते. जैन परंपरेत वड, पिंपळ, उंबर, पायर वगैरे पाच उदुंबर फळं वर्ज्य सांगितली आहेत, त्यात जीव असतात म्हणून, आणि ते निरीक्षण अगदी चोख आहे. ज्यांनी कोणी ते सांगितलं त्यांनी फळं उघडून बघितली होती, फॉरवर्ड केली नव्हती. म्हणजे अंजीर न खाणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही, भांडण त्या "प्रत्येक" शब्दाशी आणि त्या हाडांशी आहे.

उंबराची गोष्ट मात्र खरंच वेगळी. तिथे नर झाड मादी झाड असं नसतं, एकाच फळात बियाही होतात आणि केंबरंही. फायकसच्या, म्हणजे अंजीर-वड-पिंपळ-उंबराच्या वंशाच्या, साडेसातशेवर जाती जगात आहेत आणि साधारण प्रत्येकीचा किडा वेगळा (अपवाद आहेत, एकेका झाडावर दोन-दोन सापडलेत). उंबराचा सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, वडाचा युप्रिस्टिना मसोनी, आणि अंजिरातलं केंबर उंबरात नेऊन सोडलं तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय उंबरात फुकटे पण असतात! परागीभवन वगैरे काही न करता बाहेरूनच फळाला लांब सुईसारखं टोक खुपसून आत अंडी घालणारे. मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा एकाच फळात इतक्या तऱ्हेचे किडे निघाले की मला वाटलं सॅम्पल मिक्स झाली, सरांनी शांतपणे परत मोजायला लावलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) यातल्याच एका फुकट्याच्या सुईचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापून आला, तर त्या टोकाला दाते असतात आणि त्यात जस्त असतं, कच्चं कडक उंबर भोसकायला. केसाहून बारीक ड्रिल मशीन म्हणजे.

आणि केंबराचं आयुष्य दीड-दोन दिवसांचं. तेवढ्यात त्याला बरोबर आपल्या जातीचं, बरोबर त्या अवस्थेतलं फळ असलेलं झाड वासावरून शोधायचं असतं. नामिबियात उंबराच्या एका आफ्रिकन भाऊबंदावर काम झालं, तर वाऱ्यावर स्वार होऊन तिथली केंबरं सरासरी जवळजवळ ९० किलोमीटर लांबून पराग आणत होती! जवळजवळ पुणे ते साताऱ्यापर्यंत, दोन मिलिमीटरच्या जिवाने. हरियाल, धनेश, शेकरू, वटवाघळं यांना उन्हाळ्यात बाकी काही नसताना उंबर-वडाची फळं मिळतात ती या प्रवासाच्या जिवावर.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, पुरंदरचं, तुर्कस्तानचं, पपईचं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, अंजिराचं कळलं, ताजे आणते. पण उंबरात असतात म्हणतेस ना?" म्हटलं, हो मावशी, भरपूर असतात. तर म्हणते, "असू देत की, उंबर आम्ही कुठे खातो, आम्ही त्याला प्रदक्षिणा घालतो."