साक्ष झाली, पैशांचं काय?

जय ख्रिस्त मंडळी. आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोकं शांत होईना.

संध्याकाळी उज्जीवन सभेला, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायच्या सभेला, गेले होते. कुठली मंडळी, म्हणजे कुठलं चर्च, ते विचारू नका, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. गाणी झाली, साक्षी सुरू झाल्या, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते एकेकाने उठून सांगायचं. एक गृहस्थ उठले. हे मंडळीतल्या बायकांची भिशी चालवायचे आणि ती बुडाली. बुडाली म्हणजे कशी, तर ह्यांच्या घरावर दुसरा मजला चढत होता तेव्हा बुडाली. माईक हातात घेतला आणि ढसाढसा रडले. मी मोठा पापी होतो, प्रभूने माझी सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकली, वगैरे. हालेलूयाचा नुसता गजर! पापं समुद्राच्या तळाशी गेली, पैसे मात्र दुसऱ्या मजल्यावरच राहिले.

माझ्या शेजारी बसलेल्या मावशींचे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे त्याच भिशीत होते. धुणीभांडी करून साठवलेले. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या. सभा सुटल्यावर कमिटीतल्या एका वडिलांना (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) त्यांनी हळूच विचारलं, "मग माझ्या पैशांचं काही बोलले का हो ते?" उत्तर ऐका. "मावशी, देवाने ज्याला क्षमा केली त्याला विचारणारे आपण कोण? तुम्हीच मनातली अढी काढून टाका."

म्हणजे पैसे हिचे गेले आणि पश्चात्तापही हिनेच करायचा!

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करायचे. तेही अशाच एका सभेत तारले गेले, म्हणजे पापांची क्षमा मागून प्रभूचे झाले. त्यांच्या वडिलांपासून शेजाऱ्याचा बांध कोरायची सवय होती, दर नांगरटीला थोडा थोडा. सभेहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहार आणि कासरा घेऊन शेतात गेले, जुन्या हद्दीचा अंदाज घेतला आणि दगड उपटून मागे रोवले. घायपातही उपटून मागे लावली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पट्टी परत केली. त्यांनी याची साक्ष कधी कुठे दिली नाही. मला हे आजीकडून कळलं, तेही तक्रार म्हणून. "पोरांच्या तोंडचा घास दिला लोकांना," असं ती म्हातारपणीसुद्धा म्हणायची.

आता मला कुणी बायबलमधलं इफिसकरांस पत्र काढून दाखवू नका. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे मी संडेस्कूलपासून पाठ केलंय आणि मानते. आजचे वक्ते तर तेवढं एकच वाक्य फिरवून फिरवून सांगत होते. आज्ञापालनाचं नाव काढलं की म्हणे तुम्ही परूशी, नुसत्या नियमांवर बोट ठेवणारे. त्याच बायबलमधलं याकोबाचं पत्र तर आपल्याकडे सावत्र लेकरासारखं, वर्षातून एकदा जवळ घ्यायचं. विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे हे त्यातच लिहिलंय ना? की आमच्या प्रतीत जास्तीचं छापलंय?

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय बघा. कुणी शेजाऱ्याला फसवलं, ठेव दाबली, तर आधी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा ज्याचं त्याला द्यायचं. दोषार्पणाचा, म्हणजे त्या दोषाबद्दल देवाला वाहायचा, मेंढा त्यानंतर. जुना करार म्हणून बाजूला ठेवता? मग येशूचं डोंगरावरचं प्रवचन घ्या. वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे प्रभूने सांगितलं, मी नाही. आपण मात्र वेदीपाशी आलेल्याला माईक देतो आणि ज्याच्याशी समेट करायचा त्याला म्हणतो, अढी काढा.

मला माहीत आहे आता कोण येणार. येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरता मरता तारला गेलेला चोर येणार. त्याने काय परत केलं, तरी सुखलोकात गेलाच ना? गेला. मान्य. पण त्याचे हात खिळलेले होते हो! आणि तेवढ्यातही तो म्हणाला की आम्हाला मिळतंय ते आमच्या कर्माचं योग्य फळ आहे. जे त्याच्या हातात उरलं होतं, तेवढं त्याने केलं. माझ्या आजोबांचे हात मोकळे होते, त्यांनी पहार उचलली. ह्या गृहस्थांचेही मोकळे आहेत, आज त्याच हातांत माईक होता.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयावर तर आपण गाणी म्हणतो. बुटका, उंबराच्या झाडावर चढला, पोरं हातवारे करून म्हणतात. तो खाली उतरल्यावर काय बोलला ते विसरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात चौपट होतं ते मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर. स्वतःहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि पाचवा हिस्सा पुरला असता. तरी हा चौपट म्हणाला. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. बरं, पैसे वाटले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही, आधी गेला, हेही कबूल. कृपा आधीच आली. पण आली ती तिजोरीपर्यंत पोहोचली.

आणि आम्ही प्रोटेस्टंट म्हणून काय मिरवतो? ज्याच्यापासून आपण प्रोटेस्टंट सुरू झालो तो लूथर 1517 साली कशावर चिडला? पेटीत पैसे टाका, पापाची शिक्षा माफ, या धंद्यावर. त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. सगळं आयुष्य! आपण ते दोन मिनिटांवर आणलं, आणि आता पेटीत नाणंसुद्धा टाकावं लागत नाही. वसईची माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते, आमच्याकडे पापनिवेदनाला गेलं आणि चोरी कबूल केली तर फादर सांगतात, चोरलेलं परत कर. लहानपणापासून आम्हाला शिकवलं की ते लोक कर्मांवर भिस्त ठेवतात. ठेवू देत. मावशींचे पैसे तिकडे तरी मिळाले असते.

वक्ते सारखे केडगावचं नाव घेत होते. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली असं उज्जीवन झालं, तसं इथे होऊ दे. होऊ दे की! पण रमाबाईंनी त्याआधी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली उचलून आणल्या होत्या, त्यांच्या ताटात भाकरी वाढली होती. तिथे प्रार्थनेआधी चूल पेटलेली होती. एवढं सांगायला वक्त्यांना वेळ मिळाला नाही.

इतकं लिहून जरा शांत झाले. त्या गृहस्थांचे अश्रू खोटे होते असं मी म्हणत नाही. मला तर ते खरेच वाटले. माणूस खंगलाय, रंग उडालाय चेहऱ्याचा. कदाचित तोही कर्जात असेल. चौपट कोण मागतंय? मावशींच्या दारात जाऊन "महिन्याला पाचशे देईन" म्हटला तरी त्या त्याला चहा करतील, मी ओळखते त्यांना. माझा राग त्याच्यापेक्षा जास्त त्या वडिलांवर आणि वक्त्यांवर आहे. माणूस रडत दारापर्यंत आला होता, त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवून "झालं, तारलास" म्हणून परत पाठवला. ही त्याच्यावर दया नव्हे.

आज्ञापालन दिसायला छान नसतं हेही सांगते. आजोबांनी पट्टी दिली तेव्हा शेजारी साधं बरं म्हणाला नाही. उलट गावभर सांगितलं, ख्रिस्त्याला उशिरा अक्कल आली. आजीने कित्येक दिवस अबोला धरला. आणि आजीचं काही चूक नव्हतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं, त्या पट्टीतली जोंधळ्याची कणसं तिनेही खुडली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तरी ते पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घ्यायला, पुढे गेले आणि आजी बाकावरच बसून राहिली, हे ती स्वतःच सांगायची.

त्या प्रभुभोजनाच्या आमंत्रणात काय म्हणतात? मनापासून पश्चात्ताप करणारे, शेजाऱ्याशी प्रीतीने वागणारे आणि नवं जीवन जगायचा निश्चय केलेले, त्यांनी यावं. तिन्ही एका दमात म्हणतात. येत्या रविवारी पाळकसाहेब हे वाचतील तेव्हा जरा सावकाश वाचा ही विनंती. मावशी आणि ते गृहस्थ एकाच प्याल्यातून घेणार आहेत.

कमिटीला मी उद्या लेखी अर्ज देणार आहे. भिशीत ज्यांचे पैसे गेले त्यांची यादी करा, त्या गृहस्थांना सोबत घेऊन बसा, हप्ते ठरवा. ज्यांना सही करायची त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. आणि "न्याय करू नका, मत्तय सात एक" असं कमेंटमध्ये लिहायला जे येणार आहेत, त्यांनी तोच अध्याय एकविसाव्या वचनापर्यंत, "प्रभू, प्रभू" म्हणणारा नव्हे तर पित्याच्या इच्छेप्रमाणे करणारा, इथपर्यंत वाचून मग यावं.