‘स्विच नेहमीच वेगवान’ हा दावा तपासताना

सी ही प्रोग्रामिंग भाषा नव्याने शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो : इफ-एल्सची (एकामागून एक अटी तपासणारी) लांब शिडी लिहू नका, स्विच (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) नेहमीच वेगवान असतो, कोणतीही शिडी त्यात बसवता येते आणि चुकाही कमी होतात. यातील ‘नेहमीच’ आणि ‘कोणतीही’ हे शब्द विद्यार्थ्यांना चुकीच्या वाटेला लावतात, असे माझे ठाम मत आहे.

वेगाचा दावा अर्धवट खरा आहे. केसच्या, म्हणजे स्विचमधल्या एकेका पर्यायाच्या, किमती १ ते ८ अशा लागोपाठ असतील, तर कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) बहुधा जंप टेबल, म्हणजे उडीच्या ठिकाणांचा तक्ता, तयार करतो आणि किमतीवरून थेट योग्य ठिकाणी उडी घेता येते. त्या १, ५००, ९०,००० अशा विखुरलेल्या असतील, तर स्विचच्या पोटातही तुलनाच होतात. उलट, २०२१ साली आलेल्या जीसीसी ११ या आवृत्तीपासून जीसीसी हा सी कंपायलर ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करणारे बदल) चालू असताना, एकाच पूर्णांकाची ठरावीक किमतींशी तुलना करणारी शिडी स्वतःहून स्विचसारखी हाताळू शकतो. शिवाय नवख्याचा प्रोग्राम बहुतेक वेळ स्कॅनएफ या इनपुट घेणाऱ्या फंक्शनपाशी कीबोर्डची वाट पाहत थांबलेला असतो. तिथे हा फरक जाणवणारच नाही.

‘कोणतीही शिडी’ हा दावा मात्र सरळ चुकीचा आहे. स्विचला पूर्णांकच लागतो आणि प्रत्येक केसपुढे कंपायलरला आधीच ठाऊक असलेली पूर्णांकी किंमत असावी लागते; अपूर्णांक, स्ट्रिंग किंवा ‘यापेक्षा मोठे’ अशी अट तिथे चालत नाही. आपल्या दहावीच्या निकालाचेच उदाहरण घ्या : ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय श्रेणी आणि ३५ ला उत्तीर्ण. टक्क्यांना १० ने भागून स्विच करण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. पण पूर्णांकी भागाकारात ७२ आणि ७५ या दोन्हींचे उत्तर ७ येते, म्हणजे ७२ वाल्यालाही विशेष प्रावीण्य मिळते किंवा ७५ वाल्याचे हुकते. ५ ने भागले तर हिशेब जुळतो, परंतु केवळ विशेष प्रावीण्यासाठी १५ ते २० अशा सहा केस लिहाव्या लागतात, आणि वाचणाऱ्याला ७५ हा आकडा प्रोग्राममध्ये कुठेच दिसत नाही. इफ-एल्सच्या चार ओळींत नियम जसा आहे तसा वाचता येतो. फक्त त्या ७५ पासून खाली उतरत्या क्रमाने लिहायला हव्यात, कारण ३५ ची अट आधी आली तर ९० टक्केवालाही केवळ उत्तीर्ण ठरेल.

चुका कमी होतात, हेही मान्य करता येत नाही. केसच्या शेवटी स्विचमधून बाहेर काढणारा ब्रेक विसरला तर नियंत्रण पुढच्या केसमध्ये घसरते आणि भाषेच्या नियमांत ते बसत असल्याने प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो. जीसीसी ७ पासून याची सूचना मिळते, पण त्यासाठी सूचना चालू करणारा डब्ल्यू-ऑल (-Wall) हा पर्याय पुरत नाही, डब्ल्यू-एक्स्ट्रा (-Wextra) द्यावा लागतो. नको तिथला ब्रेकही तितकाच घातक असतो : १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचे अमेरिकेतील लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास कोलमडले, त्यामागे सी प्रोग्राममधल्या एका स्विचमध्ये, इफच्या आत असलेला ब्रेक होता. ब्रेक इफमधून नव्हे, तर सगळ्या स्विचमधून बाहेर काढतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे.

स्विचचा जो खरा लाभ या सल्ल्यात येतच नाही, तो इनमसोबत (ठरावीक किमतींना नावे देणारा प्रकार) दिसतो : डिफॉल्ट (कोणतीच केस न जुळल्यास चालणारा भाग) न लिहिता स्विच केला आणि एखादी किंमत राहून गेली, तर डब्ल्यू-ऑल दिलेला जीसीसी तिचे नाव घेऊन सूचना देतो. इफ-एल्सच्या शिडीत राहिलेली किंमत कंपायलर अशी दाखवून देत नाही.