खुलासा : १६१वा क्रमांक युनोने दिलेला नाही

मंडळी, परवा इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता मीच ग्रुपवर मेसेज ढकलला होता : 'युनोच्या मते भाषणस्वातंत्र्यात भारत १८० देशांत १६१वा.' चूक माझी. आज तोच मेसेज पुण्याच्या आतेभावाकडून मला परत आला!

ही यादी पॅरिसच्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेची आहे. १६१ हा आकडा २०२३चा. त्यांच्याच संकेतस्थळावर २०२४ला १५९ आणि २०२५ला १५१ दिसतो. शिवाय त्यात मोजतात ते पत्रकारितेचं स्वातंत्र्य, तुमचं-माझं सगळं बोलणं नव्हे. बरेचसे गुण जाणकारांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतात, तेव्हा वादाला जागा आहेच. अर्थात १५१ही काही मिरवण्यासारखा नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच्यामागोमाग हा धाडा.